डाव्या हाताची शिवण

ड्रायव्हर गॅरेजात शिरला तो एक शब्दही न बोलता. पहिला घाव बसला तेव्हा मिस्त्रीचं डोकं एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटखाली होतं. व्हील पाना डाव्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज आधी कानात शिरला, दुखणं त्याच्या मागून आलं. तो वळतोय तोवर दुसरा घाव निघालाच होता. तो त्यानं कसाबसा चुकवला आणि पाना पांढऱ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये घुसला. काचांचा सडा दोघांच्या पायांत पडला.

"माझ्या पोरीला मारलंस तू!" ड्रायव्हर ओरडला, आणि तिसऱ्यांदा पाना उचलला.

शेजारचा टायरवाला नसता तर तो तिसरा डोक्यातच बसला असता. टायरवाला म्हणजे अवाढव्य माणूस. त्यानं ड्रायव्हरला मागून दोन्ही हातांची मिठी घातली आणि उचलूनच धरला. ड्रायव्हरचे पाय हवेत झाडत होते, तोंडातून फेस येत होता. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसला. डावा हात त्याचा ऐकेनासा झाला होता.

हा ड्रायव्हर काही परका माणूस नव्हता. बारा वर्षं त्याची टॅक्सी ह्याच गॅरेजात येत होती. काच पुसल्याशिवाय गाडी ताब्यात घ्यायचा नाही, आणि मिस्त्रीला कधी 'अहो'शिवाय हाक मारायचा नाही, असा शांत गडी. त्याच्या तोंडून 'तू' ऐकून मिस्त्रीला पान्यापेक्षा जास्त लागलं.

"पोरीला काय झालं?" त्यानं विचारलं.

"तूच सांग काय झालं! काल मेव्हणीकडून येत होतो. अडीच तासांचा रस्ता. थंडी म्हणून काचा वर. पोरगी मागच्या सीटवर पांघरूण घेऊन झोपली. शेजारी बसलेल्या बायकोला मळमळायला लागलं, माझं डोकं ठणकायला लागलं, म्हणून मी माझ्या बाजूची काच बोटभर खाली घेतली. घरी आलो, उचलायला गेलो तर पोरीची मान लटकली. नऊ वर्षांची आहे रे ती! डॉक्टर म्हणतात, रक्तात गाडीचा धूर भरलाय. अजून डोळे उघडले नाहीत तिनं."

एवढं बोलून तो टायरवाल्याच्या हातात एकदम ढिला पडला. जमिनीवर बसून रडायला लागला. पाना मात्र मुठीतून सुटला नव्हता.

"मागच्या महिन्यात इंजिनचा पिवळा दिवा लागला म्हणून तुझ्याच इथं गाडी टाकली होती," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही तिला."

मागच्या महिन्यात मिस्त्री गॅरेजात नव्हताच. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, अठरा दिवस घरी पडून होता. गॅरेज धाकट्या भावानं सांभाळलं होतं. हे सगळं त्याच्या ओठांवर आलं. पण त्यानं ते गिळलं.

"गाडी कुठाय?"

"बाहेर. काचा उघड्या टाकून आणली."

"मला बघू द्या," मिस्त्री म्हणाला. "माझी चूक निघाली तर पाना तुमच्या हातात आहेच. मी जागचा हलणार नाही."

टायरवाल्यानं त्याचा डावा हात एका जुन्या ट्यूबच्या पट्ट्यानं छातीशी बांधून दिला. बांधताना हाडाची टोकं एकमेकांवर घासली आणि मिस्त्रीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण ओरडायची लाज वाटली. समोर तो बाप उभा होता.

गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली. चार लाख बारा हजार किलोमीटर पळालेली गाडी. दारांचे रंग तीन वेगवेगळ्या वर्षांचे. मीटरच्या काचेवर एका कोपऱ्यात काळ्या टेपचा तुकडा चिकटवलेला. मिस्त्रीनं नखानं तो काढला. खाली पिवळा दिवा जळत होता.

"ही टेप कुणी लावली?"

ड्रायव्हर खाली बघायला लागला. "दिवा दहा दिवसांत परत लागला. मी फोन केला, तुझ्या भावाला. तो म्हणाला, जुन्या गाडीचं असंच असतं, डोळ्याला त्रास होत असेल तर टेप लावा." मग तो म्हणाला, "मी लावली. मीच."

मिस्त्रीनं स्कॅनर जोडला. आकडा आला, शून्य चार दोन शून्य. ह्या आकड्यावर दहातले नऊ मेकॅनिक म्हणतात, कॅट गेला, नवा टाका. इंजिनचा विषारी धूर ज्या डब्यात साफ होतो त्याला गॅरेजात कॅट म्हणतात. पण मिस्त्री आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हता. दिवा फक्त कुठं दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते आपण शोधायचं, असं तो म्हणायचा. सेन्सर खोटं बोलत असेल, पाइप फुटला असेल, इंजिनच तेल जाळत असेल.

त्यानं चारी दारं उघडी टाकायला लावली आणि इंजिन सुरू केलं. स्क्रीनवर दोन रेषा आल्या. एक डब्याच्या आधीच्या सेन्सरची, एक नंतरची. पहिली रेष नाचते, दुसरीनं शांत राहायचं असतं. ह्या दोघी जुळ्या बहिणींसारख्या एकाच तालात नाचत होत्या. म्हणजे धूर जसा आत शिरत होता तसाच्या तसा बाहेर येत होता.

"मागं जाऊन ओला बोळा सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरा," तो ड्रायव्हरला म्हणाला. "मी खाली उतरतो."

थोड्या वेळापूर्वी ज्यानं हाड मोडलं होतं तोच माणूस आता गुडघ्यावर बसून मिस्त्री सांगेल तसा बोळा धरत होता. पाना त्यानं बगलेत मारला होता.

खड्ड्यात उतरताना मिस्त्रीला प्रत्येक पायरी खांद्यात कळली. वर इंजिन, मागं बोळा. कोंडलेला धूर वाट शोधायला लागला. आणि आवाज आला. फुस्स्. डब्याच्या वरच्या बाजूनं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्यानं डबा ठोकला. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती असली की आवाज भरीव येतो. हा रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा वाजला.

त्यानं दांडीचा छोटा आरसा वर सरकवला आणि बॅटरी मारली.

डबा कडेनं कापला होता. आतली जाळी काढून घेतली होती आणि डबा परत शिवला होता. खालची शिवण नीट, देखणी. पण वरच्या बाजूला, जिथं कुणी वाकून बघत नाही, तिथं ती चार बोटं अर्धवट सोडलेली. तिथून काजळी फुटून वर गाडीच्या फरशीपर्यंत गेली होती. आणि फरशीला बरोबर तिथंच एक भोक. रबरी बूच कधीच गळून पडलेलं. भोकातून गालिच्याचा करडा धागा दिसत होता. त्या गालिच्यावर मागची सीट, आणि त्या सीटवर पोरीचं डोकं.

डब्यानंतरच्या सेन्सरखाली एक पोकळ बोल्टही सापडला. सेन्सर धुरापासून लांब धरायचा म्हणजे दिवा लागत नाही, अशी ती चोरवाट. थोडे दिवस चालली, मग गाडीनंच चोरी पकडली.

पण मिस्त्री बोल्टकडे बघत नव्हता. तो शिवणीकडे बघत होता. वेल्डिंगच्या शिवणीवर माशाच्या खवल्यांसारखे खवले उठतात. उजव्या हाताच्या माणसाचे खवले एका बाजूला झुकतात. हे दुसऱ्या बाजूला झुकले होते. आणि प्रत्येक टाका संपला तिथं एक बारीक शेपूट वळवलेलं होतं.

हा हात त्यानंच शिकवला होता. धाकटा त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, डावखुरा. बाप होता तोवर बापानं त्या डाव्या हातावर पट्टे ओढले. उजव्या हातानं जेव म्हणून, उजव्या हातानं लिही म्हणून. कितीदा तरी मिस्त्रीनं मध्ये आपला तळवा घातला होता. बाप गेल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं पोराच्या डाव्या हातात वेल्डिंगचं हँडल दिलं आणि म्हणाला, आता कर तुला हवं तसं. पोरगं इतकं सुंदर काम करायला लागलं की वस्तीनं त्याचं नावच ठिणगी ठेवलं.

इंजिन वर धडधडत होतं. खड्ड्याच्या कडेला ड्रायव्हरचे बूट दिसत होते. एकाची नाडी सुटलेली.

मिस्त्रीच्या मनात आलं ते त्यानं पुढं कुणापासून लपवलं नाही. तो खोटं बोलणार होता. गाडी जुनी आहे, पत्रा गंजला, बूच पडलं, नशीब. कुणाला कळलं असतं? ग्राइंडरचा एक फटका आणि शिवण पुसली गेली असती. आई सत्तरीची, ठिणगीचं लग्न चैत्रात ठरलेलं. असा तो बराच वेळ खाली उभा राहिला, आणि धुरानं त्याचं स्वतःचं डोकं गरगरायला लागलं.

"काय दिसलं?" वरून आवाज आला.

"इंजिन बंद करा," मिस्त्री म्हणाला, आणि वर आला. "कॅट कापून रिकामा केलाय. आतली जाळी भंगारात विकतात, तिला मोठा भाव येतो. शिवताना वरची बाजू सोडून दिली. धूर तिथून आत आला."

"कुणी केलं?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली आणि शीळ घालत ठिणगी आत आला.

त्यानं खड्ड्यावरची गाडी बघितली. भावाचा बांधलेला हात बघितला. शीळ अर्ध्यावर तुटली.

"दादा, काय झालं रे? कुणी मारलं तुला?"

"शिवण तुझी आहे," मिस्त्री म्हणाला.

"कसली शिवण?"

"वरची बाजू का सोडलीस?"

ठिणगीनं एकदा ड्रायव्हरकडे बघितलं, एकदा दाराकडे. दारात टायरवाला उभा होता. "जुनी गाडी आहे रे. चार लाख किलोमीटर झालेत. गंजून गेली असेल."

"ह्याची पोरगी बेशुद्ध आहे. त्या भोकातून धूर गेला तिच्या अंगात."

ठिणगीचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यावर तो थांबला असता, बसला असता, पाया पडला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण घाबरलेला माणूस आधी ओरडतो. "मग माझा काय दोष? एकट्या ह्याच्याच गाडीचं केलं का मी? आठ गाड्या केल्या! बाकीच्या सात मजेत पळताहेत! ह्यानं फरशीचं बूच सांभाळायला नको?"

ड्रायव्हर त्याच्यावर तुटून पडला.

पहिला घाव ठिणगीच्या मांडीवर बसला, दुसरा बरगड्यांवर. तो ओट्यावर आदळला, हत्यारं खणखणत खाली आली, आणि त्या हत्यारांत त्याच्या डाव्या हाताला ग्राइंडर लागला. खटका दाबला गेला. चक्री किंचाळत फिरायला लागली. "मागं हो! मागं हो म्हणतो ना!" ठिणगी ओरडला. ड्रायव्हर मागं झाला नाही. चक्री त्याच्या दंडावरून मनगटापर्यंत गेली, सदरा फाटला, कातडी उलटली आणि रक्ताची चिळकांडी पांढऱ्या गाडीच्या दारावर उडाली.

ड्रायव्हर स्वतःच्या हाताकडे नुसता बघत राहिला. ठिणगीनं मात्र बघितलं नाही. त्याला थांबताच येईना. ग्राइंडर पुढं धरून तो ड्रायव्हरच्या तोंडावरच निघाला.

मिस्त्रीच्या उजव्या हाताशी हातोडा होता. त्यानं तो उचलला आणि भावाच्या डाव्या मनगटावर हाणला. जपून नाही, हळू नाही. अंगात होतं तेवढं बळ लावून.

ग्राइंडर फरशीवर पडून गोल गोल नाचला. टायरवाल्यानं प्लग उपटला. ठिणगी गुडघ्यावर बसला होता आणि आपला हात बघत होता. हात मनगटाशी भलत्याच बाजूला वळला होता.

"दादा," तो म्हणाला. एवढंच. लहानपणी पट्ट्याचा फटका बसल्यावर म्हणायचा तसं.

ड्रायव्हरनं दुसऱ्या हातानं पाना उचलला. ठिणगीच्या डोक्यावर तो आता नेम धरून उभा होता. अंगातला राग जाऊन त्या जागी काहीतरी थंड आलं होतं, आणि मिस्त्रीला त्याचीच भीती वाटली. तो भावाच्या अंगावर आडवा पडला. मोडलेला खांदा खाली आला आणि ह्या वेळी तो गुरासारखा ओरडला.

"सात आहेत! ऐकलं ना तुम्ही? अजून सात गाड्या! कुणाच्या ते फक्त ह्याला माहीत आहे! ह्याला मारलंत तर कुणाला सांगू मी, काचा उघडा म्हणून? त्यांच्यापण मागच्या सीटवर कुणीतरी असेल!"

पाना तसाच वर राहिला. ड्रायव्हरच्या कापलेल्या हाताच्या बोटांवरून रक्त मिस्त्रीच्या पाठीवर टिपकत होतं.

"नावं घे," तो शेवटी म्हणाला. "लवकर घे."

मिस्त्रीनं ठिणगीचा मोबाइल त्याच्या खिशातून काढला. "सांग."

"हॉस्पिटलात ने आधी मला."

"सांग म्हणतो ना."

"वहिनीला बोलाव, आईला बोलाव. तू वेडा झालायस दादा, मी नाही सांगणार. पोलिसांकडे जाशील तू."

मिस्त्रीनं ते सुजत चाललेलं मनगट हातात घेतलं आणि दाबलं. ठिणगीची किंकाळी रस्त्यापलीकडं ऐकू गेली. टायरवाल्यानं तोंड फिरवलं. मिस्त्रीनं परत दाबलं. मग ठिणगी रडत रडत एकेक नाव सांगायला लागला, आणि मिस्त्री एका हातानं एकेक नंबर लावायला लागला.

पहिली एक शिक्षिका निघाली. "मला वर्गावर जायचंय, पटकन बोला," ती म्हणाली, आणि तिला पटवायला चार मिनिटं गेली. दुसरा चिडला, फसवणूक आहे म्हणाला. शिव्या दिल्या, पण गाडी काढणार नाही एवढं कबूल केलं. तिसऱ्यानं गाडी विकून टाकली होती, त्याच्याकडून नव्या मालकाचा नंबर घेऊन त्याला सांगितलं. चौथ्याची गाडी घरासमोर बंद पडून होती. पाचव्या बाई म्हणाल्या, "म्हणूनच का हो माझं डोकं दुखतंय आठवडाभर?" आणि फोनवरच रडायला लागल्या. सहावा दाढी करत होता.

सातवा फोन उचलेना. रिंग वाजून वाजून बंद पडायची.

"हा कोण?"

"कुरियरवाला," ठिणगी म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "पहाटेपासून माल वाटतो. मग गोदामामागं गाडी लावून झोपतो. थंडीत इंजिन चालू ठेवतो. हीटरसाठी."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

टायरवाल्यानं आपल्या पिकअपची चावी फेकली, आणि स्वतः ठिणगीच्या पाठीवर जाऊन बसला. "जा तुम्ही. हा इथून हलत नाही. पोलीस आणि अँब्युलन्स मी बोलावतो."

पिकअप ड्रायव्हरनं चालवली. दंडाला फडकं गुंडाळलेलं, ते गिअर टाकता टाकता भिजत होतं. शेजारी मिस्त्री, एक हात छातीशी बांधलेला. दोघांनी सिग्नल तोडले, एका हातगाडीला घासून गेले, मागून शिव्या आल्या. सगळ्या रस्त्यात ड्रायव्हर एकदाच बोलला.

"टेप मी लावली, मिस्त्री."

"गाडी चालवा," मिस्त्री म्हणाला.

गोदामामागं भिंतीच्या कडेला राखाडी गाडी उभी होती. मागून वाफ निघत होती. काचा आतून घामेजलेल्या. ड्रायव्हरनं विचार केला नाही. ज्या पान्यानं सकाळपासून माणसं फोडली होती त्यानंच काच फोडली. आतून ऊबदार, गोडसर वास बाहेर आला. कुरियरवाला सीट मागं पाडून तोंड उघडं टाकून पडला होता. गाल लालबुंद, ताप आल्यासारखे. दोघांनी दोन धडधाकट हातांनी त्याला खिडकीतूनच ओढला. काचांनी त्याची पाठ ओरबाडली गेली. मातीत उताणा टाकून मिस्त्रीनं त्याच्या थोबाडीत दिल्या. एक, दोन, पाच.

"ऊठ रे! ऊठ, बाबा, ऊठ!"

सहाव्या थपडेला कुरियरवाल्यानं डोळे उघडले. रक्तानं माखलेले दोन अनोळखी इसम आपल्याला बडवताहेत आणि आपल्या गाडीची काच फुटली आहे, एवढं त्याला दिसलं. त्यानं जिवाच्या आकांतानं मिस्त्रीच्या नाकावर ठोसा मारला, मग कुशीवर वळून भडभडा ओकला.

मिस्त्री नाक धरून मातीत बसला आणि हसायला लागला. हसताना खांदा दुखत होता, तरी त्याला थांबता येईना. ड्रायव्हर गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. त्यानं पाना लांब भिरकावून दिला.

दुपारपर्यंत सगळे एकाच हॉस्पिटलात होते. एका खोलीत ड्रायव्हरला एकवीस टाके पडले. एकीत ठिणगी, दाराशी पोलीस. मिस्त्रीचा खांदा बांधून होत होता तेव्हा आई आली. कॉटपाशी येऊन तिनं थोरल्या मुलाच्या थोबाडीत मारली. सत्तरीच्या बाईची थप्पड, पण जखमी नाकातून परत रक्त आलं.

"हात मोडलास त्याचा," ती म्हणाली. "डावा."

"आई, तो त्या माणसाचं तोंड कापायला निघाला होता."

"ते मी ऐकलं. ते ऐकूनच आले." मग ती ठिणगीच्या खोलीकडं गेली. पोलिसानं सोडलं नाही, तर दारातूनच तिनं त्याच्याकडे बघितलं, खूप वेळ. परत आली आणि विचारलं, "ती मुलगी कुठल्या मजल्यावर आहे?"

मिस्त्रीनं जबाब दिला. शिवण कुणाची, कशावरून ओळखली, ते सांगितलं. हातोड्याचंही सांगितलं. मोडलेलं मनगट दोनदा दाबल्याचंही सांगितलं.

"हे लिहायची गरज नाही," अधिकारी म्हणाला. "तुमच्याच विरोधात जाईल."

"लिहा," मिस्त्री म्हणाला. "दोन्ही लिहा."

आई रोज तिसऱ्या मजल्यावर जायला लागली. पहिल्या दिवशी मुलीच्या आईनं तिला ओळखलं आणि अंगावर पाण्याची बाटली फेकली. बाटली कपाळाला लागली, टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी जिन्याशी उभी राहिली. पाय सुजले तरी बसली नाही. तिसऱ्या दिवशी मुलीच्या आईनं तिच्याकडं न बघता बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाकावर एक जागा मोकळी झाली. म्हातारी बसली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलीनं डोळे उघडले. पाणी मागितलं. बापाला ओळखलं. त्याच्या हाताला बांधलेल्या पट्टीचं नाव मात्र तिला आठवेना. "ते पांढरं... ते पांढरं..." असं बोट दाखवून म्हणत राहिली, आणि ड्रायव्हर तिला शब्द न सांगताच तिचं बोट धरून बसला.

ठिणगीला तीन वर्षांची शिक्षा झाली. लग्न मोडलं. मिस्त्रीला भावाच्या मनगटासाठी समज देऊन सोडलं, ड्रायव्हरनं त्याच्या बाजूनं साक्ष दिली आणि त्यानं ड्रायव्हरच्या. गॅरेज दोन महिने बंद होतं. उघडलं तेव्हा निम्मी गिऱ्हाइकं आली नाहीत. जी आली ती काम झाल्यावर खाली वाकून बघायला लागली, आणि मिस्त्री स्वतःच त्यांच्या हातात दांडीचा आरसा द्यायचा.

मिस्त्री तुरुंगात भेटायला गेला तेव्हा ठिणगी दोन वेळा बाहेरच आला नाही. तिसऱ्यांदा आला. बाकावर समोर बसला. डावा हात त्यानं मांडीवर ठेवला होता. तीन बोटं वळत नव्हती.

"आई?"

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"इथं सुतारकाम देतात. उजव्या हातानं शिकतोय. बापाला बरं वाटलं असतं."

भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकत होतं, वेळ संपत आली होती. पहारेकरी दोनदा इकडं बघून गेला.

"ती मुलगी शाळेत जाते का?" ठिणगीनं विचारलं. वर बघितलं नाही.

"जाते."

"नीट?"

"पाढे विसरते," मिस्त्री म्हणाला. "सातापर्यंत येतात. पुढचे परत शिकवताहेत."

ठिणगीनं मान हलवली. बराच वेळ तो मान हलवतच राहिला.